जुन्या पेट्रोल गाडीचे मध्यम वेगावर अडखळणे : कारणे व तपासणीचा क्रम

जळगाव, धुळे व नंदुरबार ह्या जिल्ह्यांत कित्येक शेतकऱ्यांच्या घरी वडिलांच्या किंवा आजोबांच्या वेळची पेट्रोल जीप अथवा पद्मिनी मोटार अद्याप चालू स्थितीत आहे. अशा गाड्यांविषयी एक तक्रार वारंवार कानी येते, ती अशी : गाडी सकाळी चटकन सुरू होते, उभ्या जागी निवांत चालते, आणि पायाखालची पट्टी पूर्ण दाबली असता धावतेही, परंतु मध्यम वेग धरला की इंजिन क्षणभर दम सोडते, झटका देते आणि पुन्हा उचल घेते. बाजाराच्या दिवशी गाडीत माल भरलेला असावा, समोरून लांब पल्ल्याची मोटार येत असावी, आणि बैलगाडीस ओलांडून पुढे जाण्याच्या ऐन वेळी इंजिनाने असा दगा द्यावा, हे केवळ त्रासाचे नव्हे तर जिवावरचे आहे.

ह्या दुखण्यावर सामान्यतः जो उपचार होतो तो ठरलेला आहे. प्रथम कार्ब्युरेटर खोलून धुतला जातो. गुण न आल्यास दुसरा कार्ब्युरेटर विकत आणतात. त्यानेही भागले नाही म्हणजे "इंजिनात आता राम राहिला नाही, डिझेल बसवून घ्या," असा सल्ला मिळतो. हा शेवटचा सल्ला खर्चाचा तर आहेच, पण कागदपत्रांच्या दृष्टीनेही सोपा नाही. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ५२ अन्वये नोंदणी अधिकाऱ्याच्या मंजुरीवाचून गाडीत असा बदल करता येत नाही, व तो झाल्यावर नोंदणीपुस्तकात चढवून घ्यावा लागतो. ज्यांनी ही दक्षता घेतली नाही त्यांची गाडी पुढे विकताना किंवा विम्याची रक्कम मागताना अडून बसते. सबब एवढ्या टोकास जाण्यापूर्वी मूळ दोष कोठे आहे, ह्याची रीतसर रुजवात करून घ्यावी. प्रस्तुत लेखकाची उभी हयात महसूल दफ्तरात गेली. यंत्रशास्त्राची पदवी त्याच्यापाशी नाही. परंतु जागेवर जाऊन मोजणी केल्यावाचून निकाल लिहू नये, ही दफ्तराची शिस्त गाडीच्या बाबतीतही तितकीच उपयोगी पडते, असा अनुभव आहे.

गाडीची घडण

१९४७ साली महिंद्र कंपनीने मुंबईस अमेरिकन विलीज जीपची जोडणी सुरू केली. पुढे आलेल्या उंच बोनेटाच्या जीपमध्ये चार सिलिंडरांचे, सुमारे २.२ लिटरचे हरिकेन जातीचे इंजिन असे. पद्मिनी ही कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात इटलीच्या फियाट मोटारीच्या नमुन्यावर तयार होत असे. तिचे इंजिन १०८९ घन सेंटिमीटरचे होते, व २००० सालच्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. ह्या दोन्ही गाड्यांत पेट्रोल व हवा ह्यांचे मिश्रण कार्ब्युरेटर करतो, आणि ठिणगी पॉइंट, कंडेन्सर, कॉइल व डिस्ट्रिब्युटर ह्यांच्या द्वारे पडते. नव्या गाडीत हे काम छोटा संगणक करतो व दोषाचा आकडाही तोच सांगतो. जुन्या गाडीत ते काम मालकाने स्वतःच्या डोळ्यांनी व कानांनी करावयाचे असते.

मध्यम वेगावरच का अडखळते?

पांझरेच्या काठच्या फड पद्धतीची ज्यांना माहिती आहे त्यांस हे समजण्यास अडचण पडणार नाही. एका फडास पाणी पोचले म्हणजे बारेकरी ते बांध घालून पुढच्या फडाकडे वळवितो. पहिला बांध आधी घातला आणि पुढचे तोंड उशिरा उघडले, तर मधल्या वेळात कोणत्याच पिकास पाणी मिळत नाही. कार्ब्युरेटरातही असेच पाणी वळविण्याचे काम चालते.

पायाखालच्या पट्टीने उघडझाप होणाऱ्या झडपेस थ्रॉटल म्हणतात. इंजिन उभ्या जागी चालते तेव्हा ही झडप जवळजवळ बंद असते. तिच्या खाली ओढ जोराची असल्यामुळे पेट्रोल एका लहान वाटेने, स्लो जेटमधून, येते. पट्टी थोडी दाबली की झडपेच्या कडेस असलेली एकदोन बारीक छिद्रे उघडी पडतात व तीही पेट्रोल देऊ लागतात. झडप आणखी उघडली म्हणजे गळ्यातून जाणाऱ्या हवेचा वेग वाढतो आणि मोठी वाट, म्हणजे मेन जेट, चालू होते. लहान वाट संपून मोठी सुरू होण्याच्या ह्या क्षणी खंड पडू नये म्हणून ॲक्सिलरेटर पंप नावाचा लहानसा पंप पट्टी दाबताच पेट्रोलची एक पिचकारी मारतो.

ह्याच वेळी ठिणगीच्या बाजूसही एक फेरबदल होत असतो. सिलिंडरातील मिश्रण पेटून त्याचा पुरा दाब येण्यास काही वेळ लागतो, आणि इंजिनाचा वेग वाढला म्हणून तो वेळ त्या प्रमाणात कमी होत नाही. मिनिटास १००० फेरे होत असताना सेकंदाच्या एक हजारांशात मुख्य दांडा ६ अंश फिरतो. २४०० फेऱ्यांस तेवढ्याच अवधीत तो १४ अंशांहून अधिक फिरतो. म्हणून वेग वाढेल तशी ठिणगी अधिकाधिक आधी पडावी लागते. डिस्ट्रिब्युटरच्या आत दोन लहान वजने असतात. वेगाने फिरताना ती बाहेर फाकतात व ठिणगी पुढे सरकवितात. काही गाड्यांत ह्याशिवाय बाजूस एक पत्र्याची डबी असते. इंजिनाच्या ओढीने तिच्यातील पडदा हलतो व पॉइंटची पाटी फिरवितो.

तात्पर्य, मध्यम वेग ही पेट्रोल व ठिणगी ह्या दोहोंच्याही हस्तांतराची जागा आहे. उभ्या जागी व पूर्ण वेगावर ठीक चालणारी गाडी मध्येच अडखळते, ह्याचा अर्थ इंजिन मेले असा नव्हे. चार्ज देणारा व घेणारा ह्यांचा मेळ बसला नाही, एवढाच त्याचा अर्थ बहुधा असतो.

प्रथम जबानी, मग हत्यारे

पाना हाती घेण्यापूर्वी गाडी एकदा मोकळ्या सपाट रस्त्यावर व एकदा चढावर चालवून पाहावी. धुळ्याकडील मंडळींस लळिंगचा घाट व चाळीसगावकडील मंडळींस कन्नडचा घाट ह्या कामी सोयीचा आहे. सोबत दुसरा माणूस वही घेऊन बसवावा आणि पुढील पाच प्रश्नांची उत्तरे लिहून घ्यावी.

पहिला प्रश्न : अडखळणे पट्टी झपकन दाबली तरच होते, की मध्यम वेगावर पाय स्थिर ठेवला तरीही होते? झपकन दाबल्यावरच होत असेल तर संशय प्रथम ॲक्सिलरेटर पंपावर घ्यावा. पाय स्थिर असतानाही होत असेल तर बारीक छिद्रे, मेन जेट, फ्लोटची पातळी किंवा ठिणगी ह्यांपैकी कोठे तरी दोष आहे.

दुसरा प्रश्न : झटका कसा आहे? कोणी किल्ली बंद करून लगेच चालू करावी तसा तीक्ष्ण झटका बहुधा ठिणगीचा असतो. दमलेल्या बैलाने जू सैल सोडावे तशी मऊ ओढकमी बहुधा पेट्रोलची असते.

तिसरा प्रश्न : चोक किंचित ओढल्याने काय फरक पडतो? सुधारणा झाली तर मिश्रणात पेट्रोल कमी पडत आहे. अधिक बिघडले तर पेट्रोल जास्त आहे. काहीच फरक नसेल तर ठिणगीकडे वळावे.

चौथा प्रश्न : गिअर सोडून उभ्या गाडीत इंजिन फिरविले असता दोष दिसतो, की केवळ चढावर व ओझ्याखाली दिसतो? ओझ्याखाली सिलिंडरातील दाब वाढतो व तेथे ठिणगी पडण्यास अधिक जोराची वीज लागते. दुबळी कॉइल, जुना प्लग किंवा तडकलेली वायर अशा वेळी उघडी पडते. पेट्रोलचा पुरवठा तोकडा असल्यासही दोष ओझ्याखालीच दिसतो.

पाचवा प्रश्न : दोष थंड गाडीत आहे, की तापल्यावर, की पाचसहा मैल गेल्यावर? तापल्यावरच होत असल्यास कंडेन्सर व कॉइल ह्यांचा संशय धरावा. काही मैलांनंतर होऊन थांबल्यावर आपोआप बरे होत असल्यास टाकीपासून पंपापर्यंतची वाट पाहावी. भुसावळकडील वैशाखाच्या उन्हात, पारा ४५ अंशांच्या घरात असता, तापलेल्या नळीत पेट्रोलची वाफ होऊनही पुरवठा तुटतो. नळी सायलेन्सरच्या बाजूने जात असल्यास ती दूर बांधणे हाच त्यावर उपाय होय.

ह्या पाच उत्तरांनी अर्धे काम होते. ज्यांनी ती न लिहिताच कार्ब्युरेटर खोलला, त्यांच्या हाती दोषाचा माग राहत नाही. कारण खोलताना चार गोष्टी एकदम हलतात आणि गुण आला तरी कशाने आला हे कळत नाही. एका वेळी एकच फेरफार करावा, तो वहीत लिहावा, आणि पुन्हा त्याच रस्त्यावर गाडी चालवून पाहावी.

ठिणगीची तपासणी आधी

दोष कार्ब्युरेटराचाच वाटत असला तरी ठिणगी आधी तपासावी, असा जुन्या कारागिरांचा नियम आहे. कारण ठिणगी तपासण्यास खर्च जवळजवळ नाही, आणि ती बिघडलेली असता कार्ब्युरेटरची कोणतीही जुळवणी खरी ठरत नाही.

चारही प्लग काढून ओळीने मांडावे. टोकावर करडा-तपकिरी रंग असेल तर जळण ठीक आहे. कोरडी काळी काजळी पेट्रोल जास्त असल्याचे, पांढरट भाजलेले टोक ते कमी असल्याचे, आणि ओशट काळे टोक आत वंगण जळत असल्याचे चिन्ह होय. चारांपैकी एकच प्लग निराळा दिसला तर दोष त्या एका सिलिंडराचा, चारही सारखे दिसले तर सर्वांस समाईक असलेल्या भागाचा. हरिकेन इंजिनासाठी प्लगची फट ०.०३० इंच, म्हणजे पाऊण मिलिमीटर, आणि पॉइंटची फट ०.०२० इंच, म्हणजे अर्धा मिलिमीटर, ठेवावयाची असते. ठिणगीचा मूळ मेळ ५ अंश आधी व क्रम १-३-४-२ असा आहे. इतर गाड्यांचे आकडे त्यांच्या पुस्तकातून घ्यावे; शेजाऱ्याच्या गाडीचे आपल्या गाडीस लावू नयेत.

पॉइंटच्या तोंडावर एका बाजूस खड्डा व दुसरीकडे उंचवटा आला असेल तर फीलर गेज खोटे माप दाखविते. अशा पॉइंटांस कानशीने साफ करण्यापेक्षा बदलणे बरे. खड्डे लवकर लवकर पडत असतील तर कंडेन्सरही त्याबरोबर बदलावा.

ह्यानंतर वजनांची परीक्षा. इंजिन बंद ठेवून डिस्ट्रिब्युटरचे झाकण काढावे, व आतील रोटर ज्या दिशेने फिरतो त्या दिशेने बोटांनी हलकेच पिळून सोडावा. तो थोडा फिरून स्प्रिंगच्या जोराने चटकन मागे आला पाहिजे. जागचा हललाच नाही, किंवा सावकाश सरपटत मागे आला, तर वजने जुन्या वाळलेल्या ग्रीसने धरली आहेत असे समजावे. टायमिंगचा दिवा उपलब्ध असेल तर इंजिनाचा वेग वाढविताना पुलीवरील खूण हळूहळू सरकताना दिसली पाहिजे; ती एका जागी थबकून मग उडी मारीत असेल तरी दोष तोच.

ह्या दोन मिनिटांच्या परीक्षेचे महत्त्व दाखविण्यास एक उदाहरण पुरे आहे. साक्रीकडील एका बागायतदाराची जीप मध्यम वेगावर ओढत नव्हती. तिला एकामागून एक दोन कार्ब्युरेटर बसविले गेले, पेट्रोलचा पंप बदलला, आणि अखेर एका कारखान्यात डिझेल इंजिनाचा अंदाजही काढून झाला. रोटर पिळून पाहिला तेव्हा तो जागचा हलला नाही. वजने रॉकेलने धुऊन, पुसून, खिळ्यांवर पातळ तेलाचा एक एक थेंब दिला गेला. गाडी त्याच दिवशी पूर्ववत ओढू लागली, आणि आधीचा काढून ठेवलेला मूळ कार्ब्युरेटरच तिच्यावर परत चढला.

ज्या गाडीस ओढीची डबी आहे तिच्यात आणखी एक लबाड दोष आढळतो. पॉइंटच्या पाटीवर जाणारी आतील बारीक वायर वरून धड दिसते, परंतु आवरणाच्या आत तुटत आलेली असते. मध्यम वेगावर डबी पाटीस फिरविते तेव्हा वायर ताणली जाऊन क्षणभर वीज तुटते. उभ्या जागी पाटी हलत नाही, व पट्टी पूर्ण दाबली असता ओढ कमी होऊन ती परत येते. म्हणून दोन्ही टोकांस गाडी निर्दोष भासते. पाटी हाताने फिरवून वायर पाहावी, व डबीची नळी तोंडाने ओढून पाटी फिरते की नाही हेही पाहावे.

शेवटी काळोख्या रात्री बोनेट उघडून इंजिन चालू करावे. वायरींवर किंवा झाकणावर निळसर ठिणग्या सरकताना दिसल्या तर वीज वाटेतच गळते आहे. पावसाळ्यात हा दोष विशेष दिसतो.

हवेची तपासणी

काळ्या जमिनीची धूळ बारीक व चिकट असते. जीपच्या तेलाच्या एअर क्लीनरमध्ये तळाशी गाळ साचून तेल दाट झाले तर हवा कोंडते व मिश्रणात पेट्रोल जास्त होते. ते तेल काढून भांडे रॉकेलने धुवावे व खुणेपर्यंत नवे तेल भरावे.

ह्याच्या उलट दोष म्हणजे चोरवाटेने हवा आत शिरणे. कार्ब्युरेटरच्या बुडाचा गॅस्केट, मॅनिफोल्डचा सांधा, आणि जुन्या जीपमध्ये ओढीवर चालणाऱ्या वायपरची रबरी नळी, ह्या त्याच्या मुख्य जागा. इंजिन मंद चालू ठेवून ह्या सांध्यांवर साबणाचे पाणी कुंचल्याने लावावे. ज्या जागी पाणी आत ओढले जाऊन इंजिनाचा आवाज बदलेल ती जागा गळकी समजावी. ह्या परीक्षेसाठी पेट्रोल शिंपडण्याची खोड काही कारागिरांस असते. तापलेल्या सायलेन्सरजवळ तसे करणे म्हणजे गंजीशेजारी चूल पेटविणे होय.

दीर्घकाळ उभ्या राहिलेल्या गाडीत सायलेन्सरचे तोंड व टाकीची हवेची नळी ह्यांतही डोकावून पाहावे. कुंभारमाशीला अशी नळकांडी घरट्यासाठी फार आवडतात. टाकीस हवा न मिळाल्यास पेट्रोल उतरत नाही. टाकीचे झाकण उघडताच आत हवा ओढल्याचा आवाज झाला आणि त्यानंतर गाडी सुधारली, तर दोष सापडला असे समजावे.

पेट्रोलची तपासणी

हे काम उघड्यावर, इंजिन थंड असता, बॅटरीची एक वायर काढून व वाळूची बादली जवळ ठेवून करावे. विडीकाडी दूर ठेवावी.

एअर क्लीनर काढून कार्ब्युरेटरच्या गळ्यात वरून पाहावे व हाताने थ्रॉटल उघडावा. पेट्रोलची अखंड धार ताबडतोब उडाली पाहिजे. थेंब गळत असतील किंवा धार उशिरा येत असेल तर ॲक्सिलरेटर पंपाचा पडदा, किंवा त्याची झडप, निकामी झाली आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर "झपकन दाबल्यावरच" असे आले असेल तर दोष येथे सापडण्याचा संभव फार.

त्यानंतर फ्लोटची पातळी मोजावी. भांड्यात पेट्रोल मापापेक्षा खाली राहिले तर मेन जेट चालू होण्यास उशीर होतो. आधी वर्णिलेला मधला कोरडा क्षण येतो तो ह्यामुळेच.

सर्वांत शेवटी जेट. हे पितळी स्क्रू दिसण्यात साधे असले तरी त्यांचे छिद्र फार नेमके असते. सोलेक्स जातीच्या जेटवरील आकडा म्हणजे छिद्राचा व्यास, मिलिमीटरच्या शतांशात. १२० म्हणजे १.२० मिलिमीटर. १२० च्या जागी १२५ लावला तर छिद्राचे क्षेत्र साडेआठ टक्क्यांनी वाढते. ह्यावरून तारेने जेट साफ करण्याचा परिणाम ध्यानी यावा. जेट पेट्रोलमध्ये बुडवून वाऱ्याच्या दाबाने फुंकावा. फार तर ब्रशचा केस वापरावा. थ्रॉटलच्या कडेची बारीक छिद्रेही ह्याच रीतीने मोकळी करावी. स्थिर पायावर होणाऱ्या अडखळण्याचे मूळ पुष्कळदा तेथे असते.

इंग्लंडच्या जुन्या एम.जी. सारख्या शर्यती बाण्याच्या दोन आसनी मोटारींत एस.यू. जातीचे, सहसा दोन, कार्ब्युरेटर असतात. त्यांत ठरीव जेटऐवजी वरखाली होणारी सुई काम करते आणि तिच्या वरच्या नळकांड्यात तेल घालावे लागते. ते तेल आटले की सुई एकदम वर उडते, मिश्रण क्षणभर विरळ होते, व गाडी पट्टी दाबताच अडखळते. यंत्र निराळे, पण अडखळण्याची जागा तीच.

इथेनॉलमिश्रित पेट्रोल व जुनी गाडी

आता एक नवे कारण सांगावयाचे आहे, जे ह्या गाड्या घडल्या तेव्हा कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. जून २०२२ मध्ये देशातील पेट्रोलात सरासरी दहा टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले गेले. फेब्रुवारी २०२३ मध्ये वीस टक्के मिश्रणाचे पेट्रोल काही पंपांवर मिळू लागले, आणि २०२५ पर्यंत ते देशभर पसरले. हे इथेनॉल ऊस, मका व इतर धान्यांपासून होते. म्हणजे आपण बाजारात घातलेला मकाच एक प्रकारे आपल्या टाकीत परत येतो. त्याचा शेतकऱ्यास लाभ आहे, ह्यात वाद नाही. परंतु जुन्या गाडीच्या मालकाने तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्या.

पहिली, एक किलो शुद्ध पेट्रोल जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते, एक किलो इथेनॉलास सुमारे ९, आणि वीस टक्के मिश्रणास सुमारे १३.५ किलो. कार्ब्युरेटरास हा फरक कळत नाही; तो पूर्वीच्याच मापाने पेट्रोल देतो. त्यामुळे मिश्रण हिशेबाने सुमारे आठ टक्के विरळ पडते. आधीच काठावर असलेली गाडी ह्या आठ टक्क्यांनी अडखळू लागते. दुसरी, इथेनॉल जुने रबर फुगविते किंवा कडक करते. ॲक्सिलरेटर पंपाचा व पेट्रोलपंपाचा पडदा आणि नळ्या लवकर निकामी होतात. शिवाय ते टाकीतील जुना गाळ सोडवून जेटांकडे पाठविते. तिसरी, ते पाणी धरते. पाऊसभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीत पाणी तळाशी वेगळे होऊन बसते.

ह्यावर उपाय असे : इथेनॉलास टिकणारे पडदे व नळ्या मागून घ्याव्या, नळीत स्वच्छ फिल्टर बसवावा, गाडी चार महिने उभी राहणार असेल तर टाकी व कार्ब्युरेटर रिकामा करावा. ठिणगी, हवा व पातळी सर्व काही बरोबर असूनही प्लग पांढरट दिसत असतील आणि किंचित चोकने गाडी सुधारत असेल, तरच मेन जेट एक पायरी मोठा घालून पाहावा. १२० चा १२५ करणे म्हणजे वर दाखविल्याप्रमाणे साडेआठ टक्के वाढ. विरळपणाची भरपाई जवळजवळ तेवढीच आहे. परंतु हा उपाय शेवटचा आहे. प्रथमच जेट वाढविला तर खरा दोष झाकला जातो व पेट्रोल मात्र कायम जास्त जळत राहते.

इंजिनाचा निकाल केव्हा लावावा

वरील सर्व तपासणी होऊनही दोष कायम असेल तर सिलिंडरांचा दाब मोजून घ्यावा. चारही सिलिंडर एकमेकांशी सुमारे दहा पौंडांच्या आत जुळत असतील तर इंजिन सुदृढ आहे. एखादा फार खाली असेल, तर त्यात थोडे वंगण घालून पुन्हा मोजावे. दाब वाढला तर रिंगा झिजल्या आहेत. न वाढला तर वॉल्व जळला किंवा बसत नाही. ह्या दोन्ही कामांस खर्च आहे, पण तोही एका भागाचा आहे, सबंध इंजिनाचा नव्हे. इंजिन बदलण्याचा विचार ह्या मापानंतर करावा, आधी नाही.

कारखान्यात गाडी नेताना लिहिलेली वही सोबत न्यावी. "गाडी ओढत नाही" एवढेच सांगणारा मालक कारागिराच्या तर्कावर सर्वस्वी अवलंबून राहतो. "तापल्यावर, तिसऱ्या गिअरात, चढावर, स्थिर पायावर झटका बसतो, चोकने फरक नाही, रोटर परत येतो, पिचकारी ठीक आहे," असे सांगणाऱ्यास कारागीरही मान देतो व नेमक्या जागी हात घालतो. जो सातबाराचा उतारा वाचल्यावाचून जमिनीचा व्यवहार करीत नाही, त्याने गाडीची नोंद पाहिल्यावाचून तिच्या इंजिनाचा सौदा करू नये.